अंगणावरचं गाणं

"बघच तू आता," वनमालाबाईंनी मोबाइल मुलाच्या नाकासमोर धरला. "डोक्यान फिरलेल्या बाईमाणसाक ह्यो खेळ जमलो असतो?"

निलेश नाइलाजाने शेजारी बसला. तसा तो वाईट नव्हता, फक्त मेटाकुटीला आला होता. नाहूरच्या त्या दोन खोल्यांत आईने दोनदा गॅस उघडा ठेवला होता. बदलापूरच्या वृद्धाश्रमात जागा झाली होती. हो की नाही ते आज कळवायचं होतं. आईचं म्हणणं एकच, मी ठणठणीत आहे, मला घरातून काढू नकोस.

खेळ सोपा होता. ग्रुपवर चार-पाच माणसं, एकमेकांना कधीही न भेटलेली. एकाने शब्द द्यायचा. पुढच्याने तो शब्द असलेल्या गाण्याचं नाव सांगायचं आणि आपला शब्द पुढे द्यायचा. दगड, सावली, पैंजण करत पाळी वनमालाबाईंवर आली. नाशिकच्या तेजलने शब्द दिला, अंगण.

बाईंनी क्षणात गाणं टाकलं. वर मुखडाही गाऊन पाठवला, अगदी सुरात. सगळ्यांनी टाळ्या टाकल्या. "वा ताई, तोड नाही!"

"बगलंस? इसारलंय काय मी?"

निलेशला मनापासून लाज वाटली. केवढी घाई करत होतो आपण! आई खुशीत देवापुढे दिवा लावायला गेली. आश्रमाला नको म्हणून कळवायचं, हे त्याचं ठरलं.

उठता उठता त्याने आईच्या मोबाइलवर ग्रुपचे जुने मेसेज सहज चाळले. काल तिला अंगणच आलं होतं. कालही तेच गाणं. परवाही. शब्द देणारा कधी तेजल, कधी आणखी कोणी. आईच्या वाट्याला मात्र रोज अंगण. आणि रोज त्याच टाळ्या.

त्याचं डोकं सणकलं. त्याने आईच्याच मोबाइलवरून तेजलला फोन लावला.

"काय लावलंय हे? रोज तोच शब्द देता. म्हाताऱ्या बाईची मजा बघता काय?"

"मजा नाही हो," पलीकडची बाई हळूच म्हणाली. "त्यांना आता तेवढं एकच गाणं आठवतं. ताईंनीच गेल्या वर्षी आम्हाला विनवून ठेवलं होतं. म्हणाल्या, मी विसरायला लागले की सांभाळून घ्या, माझ्या निलेशला कळू देऊ नका. कळलं तर तो मला घरात ठेवायचा नाही."

मग तिलाच शंका आली.

"पण तुम्ही कोण?"