तळव्याला कळतं

"ऑटोब्रेक लाव," विमान उतरायला आलं तसे गुप्ते कॅप्टन म्हणाले.

शेजारी बसलेल्या सहवैमानिक ऋचाला पुन्हा नवल वाटलं. "ब्रेक पायानेच मारायचा. धावपट्टी ओली की कोरडी, हे तळव्याला कळलं पाहिजे," असं तिच्या डोक्यात भरवणारे हेच. आता महिनाभर कोरड्याठाक, लांबलचक धावपट्टीवरही त्यांना यंत्रच लागत होतं. वय झालं, म्हणून तिने सोडून दिलं होतं.

विमान टेकलं, आपोआप मंदावलं. शेवटी ऑटोब्रेक सोडवायला पेडलला पाय नुसता लावायचा, तर त्यांनी तो इतका दाबला की सगळे पुढे हिंदकळले.

प्रवासी उतरल्यावर ते उठले, तेव्हा तिला खाली रक्त दिसलं.

"सर, तुमचा पाय."

त्यांनी बूट काढला. तळातून वर आलेल्या खिळ्याने पाय फाडला होता. मोजा लाल चिंब झाला होता.

"सर, दुखत कसं नाही तुम्हाला?"

"शुगरने पाय बधिर झालेत गं. कुणाला बोललो नाही." त्यांनी खिळ्यावरून बोट फिरवलं. "दुखलं असतं, तर उद्याही विमान उडवायला आलो असतो."