प्रात्यक्षिक

"बुडणारा माणूस म्हणून कोण उतरतंय?" अग्निशमन दलाच्या अधिकाऱ्यानं विचारलं. नव्या बचावबोटीचं आज उद्घाटन होतं. नदीकाठच्या गर्दीतल्या जालिंदरनं चपला काढल्या आणि पोहत जाऊन पुलाचा खांब धरला.

बोट चार मिनिटांत पोचली. काठावर टाळ्या पडल्या.

"हात द्या, काका," बोटीतला जवान म्हणाला.

जालिंदरनं खांब सोडला नाही. "गेल्या पुरात माझी बायको याच खांबाला पाऊण तास बिलगून होती. तेव्हा ही बोट कुठं होती?"

जवानाची मान खाली गेली. "स्टेशनातच होती, काका. उद्घाटनाआधी बाहेर काढायची नाही, असा वरून हुकूम होता."

तेवढ्यात काठावरून माईकवर आवाज आला, "पुन्हा एकदा करा! साहेबांचा फोटो राहिला."

जवानानं इंजिन बंद केलं. "बघू दे त्यांनाही वाट."