गिटारीच्या पोटातलं नाव

अभिजीतनं दातांच्या डॉक्टरकडचा बारका आरसा गिटारीच्या भोकात सारला आणि टॉर्च पेटवला. भय्यासाहेब त्याच्या खांद्यावरून असे वाकले, जसा काही आतून नागोबाच निघणार होता.

"अरे भिया, काय दिसलं?"

"धूळ."

अभिजीतचं डोकं भणभणायला लागलं होतं. वाद्य एक आणि कुळं चार! पाठपोट फुगीर, भोकं व्हायोलिनसारखी लांबोडकी, म्हणजे जुनी अमेरिकन. पण खुंट्या सतारीच्या. तारांखालची घोडी शिंगाची. आणि डोक्यावर कंपनीचं नाव असायला हवं, तिथे दत्तगुरू.

"ते स्टिकर मी लावलं," भय्यासाहेब ऐटीत म्हणाले. "कसं ओकंबोकं दिसत होतं."

माधव नगरात एका रिटायर्ड बँकवाल्याकडे अशी गिटार आहे, हे इंदूरच्या दुरुस्तीवाल्यानं सांगितलं, म्हणून अभिजीत पहिल्या बसनं उज्जैनला आला होता. त्याचे वडील, श्रीधर, तरुणपणी महूच्या क्लबात वाजवायचे. गिटार रेल्वेत चोरीला गेली म्हणायचे, आणि त्यानंतर दुसरीला हात लावला नाही. आता अर्धांगानं अंथरुणाला खिळलेले. घरात केबल आली, रंगीत टीव्ही आला, हे आपले भिंतीकडे बघत. जड जिभेनं एकच घोकत: "गिटार... आत... नाव." डॉक्टरांनी हात टेकले होते. शेवटच्या दिवसांत भलतीच गिटार बापाच्या छातीवर ठेवायची अभिजीतची तयारी नव्हती.

"तुमच्याकडे कशी आली ही?"

"रुखवतात!" भय्यासाहेब खदखदून हसले. "लाडू, चिरोटे, आणि मधोमध हा भोपळा! मी ताटातल्या तांदळात हिचं नवं नाव लिहितोय, आणि वरातीतले विचारतायत, क्यों साब, दुल्हन बजाती है क्या? काय गं विजया, कुठून पैदा केली होती तुझ्या मामांनी?"

"असेल कुठल्या तरी लिलावातली." विजयाकाकूंनी पोह्यांची बशी पुढे केली. "वडलांचा हात कोणता गेला रे?"

"डावा."

"म्हणजे सूर धरायचा," त्या म्हणाल्या आणि शेव आणायला आत गेल्या.

लिलावातली म्हणे! अभिजीत चरकला. मामांनी चोरीचा माल घेतला होता की काय? त्यानं घाईनं आरसा दुसऱ्या भोकात घातला. लाकडावर पेन्सिलीची अक्षरं! आरशात उलटी दिसणारी, म्हणून एकेक फिरवून लावली.

श्रीधर नव्हतं. माणिक होतं.

टॉर्च हलवून पुन्हा बघितलं. माणिकच.

"नाही," तो आरसा पुसत म्हणाला. "आमची नाही ही. वडलांचं नाव हवं होतं. आत भलत्याच कोणाचं आहे."

"कोणाचं म्हणतोस?"

"अहो," दारातून काकू म्हणाल्या, "आधी लूना काढा. बस जाईल त्याची. नानाखेड्याच्या स्टँडपर्यंत सोडून या."

भय्यासाहेब किल्ली शोधत बाहेर गेले. काकूंनी गिटार सोलापुरी चादरीत गुंडाळली आणि अभिजीतच्या हातात दिली.

"काकू, सांगितलं ना, ही आमची नाही."

बाहेर लूना फुरफुरली. काकूंनी चादरीची गाठ आवळली.

"श्रीधरला सांग," त्या हळूच म्हणाल्या, "माणिकनं धाडलीय."