नळीचं पाणी

कंपनीचे साहेब सील घेऊन आले, तेव्हा यमुताई गच्चीवरच्या इंधनघटाच्या नळीखाली कळशी लावत होत्या. कंपनीनं बसवलेला हा घट हायड्रोजनपासून वीज करी आणि वर पाणीही देई. गावचे आड आटल्यापासून ताईंचं घर याच पाण्यावर चालत होतं.

"ताई, वीज तुमची, पाणी कंपनीचं. नियम आहे. नळी बंद करावी लागेल."

"करा की. पण उन्हातून आलात, आधी बसा." ताईंनी रीतीप्रमाणे गूळ आणि तांब्या पुढे केला.

साहेबांनी तांब्या एका दमात रिकामा केला. "वा! कुठलं हो पाणी?"

"याच नळीचं," कळशी जराही न हलवता ताई म्हणाल्या. "आता सील आधी कुठे लावता? नळीला, की स्वतःच्या तोंडाला?"

ऊन फार होतं. साहेबांनी सील खिशात घातलं आणि तांब्या पुन्हा पुढे केला.