‘नाही’चा रकाना

“सगळीकडे ‘नाही’.” लॉरेटा मॅडमनी कागद फिरवून ड्वेनसमोर धरला. माजी सैनिकांचे दुखापतीच्या भरपाईचे अर्ज भरून देणं हेच त्यांचं काम. “गुडघा? नाही. पाठ? नाही. कधी पडलात, लागलं? नाही. खाली सही तुमचीच ना?”

ड्वेननं मान हलवली. तीस वर्षांपूर्वी सैन्य सोडतानाचा कागद होता तो. शुक्रवारची दुपार, घरी नेणारी बस फाटकाशी उभी. ज्यानं ‘हो’वर खूण केली त्याला तपासण्यांसाठी दोन आठवडे ठेवून घेत. त्या दिवशी अख्खी तुकडी ठणठणीत होती.

“मॅडम, गुडघा समोर आहे. बघा की.”

“मला दिसतोय हो. पण तो सैन्यातच गेला, हे दाखवावं लागतं. मागचा अर्ज सरकारनं यावरच फेटाळलाय.”

घोडं तिथंच पेंड खात होतं. ड्वेन घरांची छपरं घालायचा. वर्षभरात तो शिडी चढला नव्हता.  हाही अर्ज गेला तर पुढं काय, असं बायको विचारायची, तेव्हा तो बागेत जाऊन उभा राहायचा.

शेजारच्या खुर्चीतले म्हातारे सार्जंट स्ट्राउड खाकरले. ड्वेनच्या तुकडीचे ते प्रमुख. साक्ष द्यायला तीन तास गाडी हाकत आले होते आणि आल्यापासून भिंतीकडं बघत बसले होते.

“लिहून घ्या, बाई. विमानातून हवाई छत्रीनं उतरताना हा खडकावर आपटला. मी पाहिलं. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जायची चिठ्ठी घेऊन माझ्या सहीला आला.”

“मग तिची नोंद कुठंय?”

“मी फाडली. सगळ्या पोरांसमोर. म्हटलं, गोळी घे, पाणी पी, मोजे बदल. माझ्या तुकडीतलं कुणी दवाखान्याची पायरी चढलं नाही. फार तोरा होता मला त्याचा.”

लॉरेटा मॅडमची बोटं थांबली. “हे असंच लिहू?”

“असंच. फाडली म्हणून लिहा. हरवली म्हणून नको.”

ड्वेनला वाईट वाटलं. तीस वर्षं या माणसाला त्यानं मनातल्या मनात शिव्या घातल्या होत्या. आता त्यातली एकही आठवेना.

सार्जंटनी सही केली आणि उठायला गेले. पहिल्या खेपेला उठता आलं नाही. दुसऱ्या खेपेला टेबलाची कड धरून उभे राहिले.

“तुमच्या किती उड्या झाल्या, सार्जंट?” मॅडमनी विचारलं.

“दोनशेच्या वर.”

“आणि तुमचा अर्ज?”

“मला काय धाड भरलीय?”

मॅडमनी खण उघडला. प्रश्नांचा एक कोरा कागद त्यांनी पुढं सरकवला. सार्जंटनी चष्मा चढवला आणि एक हात टेबलावर रोवून उभ्या उभ्याच खुणा करायला लागले. गुडघा, नाही. पाठ, नाही. कधी पडलात—

ड्वेननं त्यांच्या हातातून पेन काढून घेतलं.

“बसा, सार्जंट.”

सार्जंटनी डोळे वटारले. मग दात आवळून, टेबलाला धरून, हळूहळू खाली बसले.