आजचा शब्द

मॅडमनी काकूंचा मोबाइल हातात घेतला आणि बोटाने पडदा वर सरकवत नेला. शब्दकोड्याच्या त्या खेळात कालपर्यंतच्या प्रत्येक तारखेपुढे हिरवी खूण होती.

"महिनाभरात एकही कोडं राहिलं नाही. कमाल केलीत, काकू."

काकू नुसत्या हसल्या. पक्षाघाताच्या झटक्यातून त्यांचे हातपाय वाचले होते, वाचा तेवढी गेली होती. ती परत यावी म्हणून मॅडमकडे येणं चालू होतं, आणि हा खेळही मॅडमनीच लावून दिला होता. शेजारी बसलेल्या काकांनी खिडकीबाहेर पाहिलं.

"असंच चाललं तर आता आठवड्यातून एकदा आलात तरी पुरे," मॅडम म्हणाल्या. "तुमची वेळ दुसऱ्या कुणाला देता येईल."

त्या सगळ्या खुणा काकांच्या बोटांच्या होत्या. पहिल्याच सकाळी एका साध्या शब्दावर अडून काकूंनी मोबाइल टेबलावर आपटला आणि त्या तोंड धुवायला आत गेल्या. नळाच्या आवाजातूनही हुंदके ऐकू येत होते. काकांना राहवलं नाही. त्यांनी अक्षरं दाबून टाकली. परत आल्यावर काकूंनी हिरवी खूण पाहिली आणि दवाखान्यातून घरी आल्यापासून त्या पहिल्यांदा हसल्या. दुसऱ्या दिवशी काकांनी ठरवलं होतं, आज करायचं नाही. तिसऱ्या दिवशी ठरवलंही नाही.

"आजचं कोडं राहिलंय वाटतं," मॅडम म्हणाल्या. "इथेच सोडवू या."

कोड्यातला संकेत सोपा होता : कापड कापायला लागते. खाली अक्षरांची गर्दी, वर दोनच चौकोन.

काकूंनी जन्मभर लोकांचे कपडे शिवले होते. त्यांची दोन बोटं आपोआप हवेत उघडमीट करू लागली. शब्द ओठांपर्यंत यायचा आणि मागे फिरायचा.

"ती... ती..."

काकांचे ओठ हलले.

"काका, तुम्ही नाही," मॅडम म्हणाल्या.

काकूंनी मोबाइल काकांच्या पुढ्यात सरकवला आणि त्या उठून पाणी प्यायला बाहेर गेल्या.

मॅडम दाराकडे बघत होत्या. "घरीही असंच चालतं?"

काकांनी मान खाली घातली. "पहिल्या दिवशी ती रडत होती."

"मग?"

"मग हसली."

मॅडम रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "सुरुवातीचे महिनेच काय ते कामाचे असतात, काका," एवढंच म्हणाल्या.

काकू परत आल्या. चौकोन रिकामेच होते. त्यांनी काकांकडे पाहिलं. काकांनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले होते.

"आज नाही केलं," ते म्हणाले. "रोज मीच करत होतो. चुकलं माझं."

काकूंचा चेहरा लाल झाला. जबडा हलू लागला. काकांना वाटलं, मदत करावी; पण तिला काय म्हणायचंय तेच त्यांना ठाऊक नव्हतं.

"लबाड," काकू म्हणाल्या.

अख्खा शब्द, स्वच्छ. समोर कुणी अक्षरं मांडलेली नसताना.

मॅडम पुढे झुकल्या. "कोण लबाड, काकू?"

काकूंनी काकांवर बोट रोखलं. ते बराच वेळ तसंच राहिलं. मग हळूहळू वळलं आणि त्यांच्या स्वतःच्या छातीवर येऊन टेकलं.