गळ्यातला की खिशातला

"गळ्यात धोंडा बांधून हिंडायचंय का तुला?" म्हातारीनं काउंटरवरचा मोठा मिररलेस कॅमेरा दोन बोटांनी मागं सारला. "हा डबीएवढा बघ. कमरंच्या पिशवीत बसतोय."

"बसतोय ना आत्या, मग तुमीच घ्या अन् तंबाखूशेजारी ठेवा," पोरगी म्हणाली.

सोमेश्वरनं दोघींकडं पाहिलं आणि मनात हिशेब मांडला. माजलगावात स्टँडजवळ कॅमेऱ्याचं दुकान चालवायचं तर गिऱ्हाईक चपला काढतानाच ओळखावं लागतं. पोरगी म्हातारीला 'आत्या' म्हणाली, म्हणजे सून. पैशाची पिशवी म्हातारीच्या कमरेला, म्हणजे हुकूम सासूचा. सुनेला मोठा हवा, म्हणून सासूला छोटा.

त्याला मोठा खपवायचा होता. दिवाळीपासून तो मिररलेस काचेआड बसून होता. तेलगाव-दिंद्रुडची पोरं यायची, गळ्यात अडकवायची, आपल्याच मोबाईलवर त्याच्यासकट फोटो काढायची आणि घरी जाऊन ऑनलाईन मागवायची. आता नवीन मॉडेल आलं होतं. कंपनीचा माणूस जुना परत घ्यायला तयार नव्हता. हा आज गेला नाही तर घरच्या बारशात वापरण्यापलीकडं त्याचा उपयोग उरणार नव्हता.

म्हणून तो सुनेच्या बाजूनं बोलायला लागला. छोटा वाईट नाही, लांबचं जवळ ओढतो, पण मांडवात संध्याकाळ झाली की फोटोत रवा सांडल्यासारखे दाणे येतात. मोठ्याला तेवढ्या उजेडात निभतं. शिवाय त्याची लेन्स निघते, काम बघून दुसरी लावता येते.

"निघती मंजी धूळ आत जाती," म्हातारी म्हणाली.

पोरीनं मग आपलं गाऱ्हाणं त्यालाच सांगितलं. मंगळवारी दिंद्रुडला हळद होती. मागच्या लग्नात ती असलाच डबीएवढा कॅमेरा घेऊन उभी होती, तर नवरीच्या मामानं तिलाच विचारलं, पोरी, फोटोवाले कधी येणारेत? या खेपेला पुन्हा तसंच गेलं तर लोक हे काम काढून घेणार होते, आणि पुढचंही कुणी देणार नव्हतं.

"मग जा की कापूस येचायला," म्हातारी म्हणाली. "तिथं कुणी कॅमेरा इचारीत न्हाई."

"तुमाला माझं बरं बघवत न्हाई, आत्या."

"न्हाईच बघवत."



म्हातारी मोठा कॅमेरा उचलून दारात गेली. आतल्या अंधारात सगळंच गोरं दिसतं म्हणाली. सोमेश्वरनं बटण दाखवलं, तिनं रस्त्यावर रोखून ते दाबलं आणि पडदा डोळ्याशी नेला. रंग पिवळा येतोय, अशी तक्रार केली. ती रिक्षाच पिवळी हाय, असं पोरगी मागून म्हणाली. म्हातारीनं तिच्याकडं असं पाहिलं की सोमेश्वरलाच अंग चोरावंसं वाटलं.

मग एकेक खोट निघत गेली. दुपारी बॅटरी बसली तर ही रडत माझ्याकडं येणार. सोमेश्वरनं दुसरी बॅटरी पुढं ठेवली. हिच्या हातून आदळला तर? त्यानं चांगली जाड अस्तराची बॅग काढली. कार्ड भरलं तर? कार्ड आलं. प्रत्येक वस्तूगणिक म्हातारीचा चेहरा जास्तच आंबट होत गेला, आणि शेवटी तिनं पदर खोचला.

"चल अंजे. दोनी बी नको."

ती खरंच पायरी उतरली. अंजू जागची हलली नाही. ओढणीचं टोक डोळ्याला लावून उभी राहिली, आणि मग तिचे खांदे हलायला लागले.

सोमेश्वरनं बायकांची भांडणं पुष्कळ पाहिली होती. सून रडली की सासू अडून बसते, पण चार लोकांसमोर रडली की सासूला लाज वाटते. हीच वेळ होती. त्यानं कपाटातून सीलबंद लेन्स काढली. हिच्यानं नवरी ठसठशीत येते आणि मागचा मांडव धूसर होतो. ही मला पडली त्याच भावात देतो म्हणाला, आणि दारापर्यंत जाऊन हात जोडले.

"सासूबाई, सुनेचं मन मोडू नका."

म्हातारी मागं वळून पायरीशी आली.

"तू लई कनवाळू दिसतोस," ती म्हणाली. "मग कॅमेऱ्याचा भाव कावून कमी करीना?"

त्यानं केला.

कमरेची पिशवी सुटली. पैसे देतानाही म्हातारीनं पोरीला सोडलं नाही. ह्याला ओरखडा पडला तर तुझ्या बापाकडून वसूल करीन, असं बजावून ती पुढं चालायला लागली. मागून अंजू बॅग छातीशी धरून, नाक ओढत निघाली.

त्याच वेळी तेलगावच्या सोसायटीचे चेअरमन राधाकिशन आपल्या सत्काराच्या फोटोला फ्रेम करायला आले. दोघींना वाट द्यायला ते पायरीवर बाजूला झाले, म्हातारीला त्यांनी नमस्कारही घातला. सोमेश्वरनं त्यांना खुर्ची दिली आणि चहा सांगितला. काचेआडची रिकामी जागा बघून त्याला राहवेना. काय कजाग सासू, असं म्हणत त्यानं सगळी हकिगत सांगितली: सून कशी ढसाढसा रडली, आपण कसं मधे पडलो, म्हातारीला कसं वळवलं.

राधाकिशन फ्रेम बघत होते. त्यांनी ती खाली ठेवली.

"छबुबाईला लेकरूच न्हाई बे, सून कुठून आली?" ते म्हणाले. "आमच्याकडच्या लग्नांचे फोटो तीच काढती. ही पोरगी तिच्या हाताखाली कामाला हाय. गेल्या साली बीडात फोटोच्या लायटी घेतल्या, तवा बी अशीच रडली म्हणं."